राहून गेलेल्याची खूण

एखादे वाक्य कुठवर नुसते वाक्य असते आणि कुठून पुढे ते कर्तव्य होते? प्रश्न जुना आहे. मीमांसकांनी त्यावर शतकानुशतके वाद घातले. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र तो एका अनपेक्षित जागी पुन्हा उभा राहिला आहे : संगणकावर साध्या मजकुरात टिपणे ठेवणाऱ्यांच्या रोजच्या कामात.

साधा मजकूर म्हणजे अक्षरे आणि विरामचिन्हे, एवढेच. त्यात रंग नाही, ठळक-तिरपे नाही, मजकुरामागे लपवलेली कसलीही माहिती नाही. अशी फाइल कोणत्याही यंत्रावर उघडते आणि आणखी तीस वर्षांनीही उघडेल, या भरवशावर कित्येक लेखक, संशोधक आणि प्रोग्रामर आपल्या नोंदी तिच्यात ठेवतात. अडचण अशी, की नोंदी लिहिता लिहिता मधेच कामे उगवतात. वाचनाचे टिपण काढताना लक्षात येते की अमुक संदर्भ तपासायला हवा. बैठकीचा वृत्तांत लिहिताना कोणाला तरी कळवायचे असते. वाक्याच्या पोटातले हे काम माणसाला दिसावे आणि यंत्रालाही शोधता यावे, यासाठी कोणती खूण करायची?

वरवर पाहता हा मांडणीचा प्रश्न आहे. पण खुणेची प्रत्येक पद्धत कर्तव्य म्हणजे काय, ते कोणाचे असते आणि कधी संपते, याबद्दल काहीतरी गृहीत धरते. ती गृहीतके तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी खुणा पाहू. प्रोग्रामर मंडळींची सवय बरीच जुनी : प्रोग्रामच्या मजकुरातच, उणीव जिथे दिसली त्या ओळीशेजारी, 'टुडू' किंवा 'फिक्समी' असा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचा. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग-मोडने हाच शब्द उचलला. मथळ्याच्या सुरुवातीला 'टुडू' लिहिले की तो मथळा काम होतो, त्याजागी 'डन' लिहिले की काम संपते. जीना ट्रपानी यांच्या २००६ च्या 'टुडू डॉट टीएक्सटी'त एक ओळ म्हणजे एक काम; झालेल्या कामाच्या ओळीआधी इंग्रजी एक्स हे अक्षर. २००४ च्या मार्कडाउनमध्ये कामांसाठी खूण नव्हती. गिटहबने आपल्या मार्कडाउनमध्ये ती घातली : यादीतल्या कलमाच्या आरंभी चौकोनी कंस, आत मोकळी जागा असेल तर काम बाकी, एक्स असेल तर झाले. रायडर कॅरल यांनी २०१३ मध्ये लोकांपुढे ठेवलेली 'बुलेट जर्नल' ही पद्धत कागदावरची, पण तिचाही जीव खुणांतच आहे : कामाला टिंब, झाल्यावर त्यावर फुली, पुढे नेले तर बाण.

आपल्याकडे याहून जुनी खूण आहे. पदराला किंवा उपरण्याला गाठ मारायची. 'मनाशी खूणगाठ बांधणे' या वाक्प्रचारात ती अजून शिल्लक आहे. गाठ काय करायचे ते सांगत नाही. काहीतरी करायचे आहे आणि ते मी स्वतःला बजावले आहे, एवढेच सांगते. काम विसरले तरी गाठ बोटाला लागते. तिला वेगळी वही लागत नाही, ती अंगावरच्या वस्त्रातच असते. टिपणाच्या मजकुरातच करायची खूण ही या गाठीच्या जातीची आहे.

कोणी म्हणेल, वेगळी खूण हवीच कशाला? वाक्याच्या रूपावरून यंत्राला काम ओळखता येणार नाही का? मराठीपुरते तरी ते अवघड आहे. 'पत्र लिहीन', 'पत्र लिहावे', 'पत्र लिहायचे आहे', 'पत्र लिहिले पाहिजे' अशी उतरंड आपल्याकडे आहे, आणि तिच्या पायऱ्या निसरड्या आहेत. शाळेच्या व्याकरणात '-आवे' या रूपाला विध्यर्थ म्हणतात आणि त्याच्या अर्थांची यादी देतात : कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता. 'वेळेवर जावे' हे कर्तव्य. 'एकदा हंपीला जावे' ही इच्छा. रूप तेच. 'हंपीला जावे'चे काम करून यंत्राने दर सोमवारी आठवण द्यायला सुरुवात केली, तर एका साध्या हौसेचे ओझे होईल. वाक्यात हेतू किती आहे आणि निर्धार किती, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. कधी कधी त्यालाही खूण करेपर्यंत ठाऊक नसते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवले की काही उद्गार जगाचे वर्णन करत नाहीत, जगात काही घडवतात. वचन देणे हे त्यातले ठळक उदाहरण. वाक्यापुढे रिकामा कंस उघडणे हा तसाच प्रकार आहे. त्याआधी विचार होता, त्यानंतर बांधिलकी आहे.

इथे मीमांसकांकडे वळणे सोयीचे आहे, कारण हा त्यांचा घरचा प्रश्न. 'यजेत', म्हणजे याग करावा, या एका क्रियापदातला नेमका कोणता अंश माणसाला कामाला लावतो? कुमारिलांच्या परंपरेतले उत्तर १७व्या शतकात आपदेवाने 'मीमांसान्यायप्रकाशा'त नेटके मांडले आहे. धातू कृती सांगतो. प्रत्ययात दोन अंश असतात : एक कोणत्याही क्रियापदात असतो तो, दुसरा केवळ विधीच्या रूपात असतो तो. हा दुसरा अंश ऐकणाऱ्याला प्रवृत्त करतो. त्याला त्यांनी शाब्दी भावना असे नाव दिले. वेद अपौरुषेय मानल्यामुळे आज्ञा देणारा कोणी नाही, तेव्हा जे बळ आहे ते शब्दातच असले पाहिजे, असा त्यामागचा विचार. टिपणातल्या कंसाची स्थिती वेगळी आहे. तिथे आज्ञा देणारा आणि ऐकणारा एकच आहे, फक्त त्यांच्यात काळाचे अंतर आहे. मंगळवारी रात्री लिहिणारा शुक्रवारी सकाळी वाचणाऱ्याला काहीतरी सांगतो, आणि शुक्रवारचा माणूस विचारू शकतो : तू मला सांगणारा कोण?

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर मंगळवारच्या माणसाने कारण मागे ठेवलेले असले पाहिजे. म्हणून खूण कोणती, यापेक्षा ती कुठे आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

समजा, कोणी आपल्या जुन्या शिक्षकांना भेटून आले आणि रात्री टिपण लिहिले : सरांची नजर आता जवळजवळ गेली आहे, बोलता बोलता त्यांनी तीनदा विचारले, त्यांच्या आवडत्या कादंबरीचे कोणी ध्वनिमुद्रण केले आहे का, शोधून कळवायचे. कामांची यादी वेगळी ठेवणाऱ्या साधनात यातले शेवटचे दोन शब्द उचलले जातात. मग 'ध्वनिमुद्रण शोधणे' हे कलम 'गॅसचे बिल' आणि 'चपलेचा अंगठा' यांच्या मधे जाऊन बसते. तीन आठवड्यांनी ते वाचणाऱ्याला हे का करायचे ते अंधुक आठवते. तीनदा विचारले होते, हे आठवत नाही. काम उरते, त्याला जन्म देणारे दुःख किंवा माया गळून जाते.

जॅक गूडी या मानववंशशास्त्रज्ञाने १९७७ च्या पुस्तकात याद्यांवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. यादी गोष्टीला तिच्या संदर्भातून सोडवते, आणि म्हणूनच तिची क्रमवारी लावता येते, मोजणी करता येते, हे त्याने दाखवले. ती यादीची ताकद आहे. शस्त्रक्रियेआधी तपासायच्या १९ बाबींची जागतिक आरोग्य संघटनेची यादी २००८ मध्ये आली. तिथे संदर्भ नको, उलट रुग्ण कोणीही असो, प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने हवेत. विमानाच्या चालकाचेही तसेच. पण ती नेमून दिलेली पावले असतात. माणसाने माणसाला दिलेला शब्द त्या जातीचा नसतो.

मीमांसेत याचे जुने रूप आहे. वेदात विधींच्या भोवती वर्णने, स्तुती, कथा असतात. त्यांना अर्थवाद म्हणतात. जैमिनीच्या सूत्रांत, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, पूर्वपक्ष असा येतो, की वेद कृतीसाठी आहे, तेव्हा जो भाग कृती सांगत नाही तो निरर्थक. सिद्धान्ताचे उत्तर : तो भाग विधीपासून तोडून वाचू नका. त्याची विधीशी एकवाक्यता आहे. जे करायचे ते का चांगले, हे सांगून तो करणाऱ्याला बळ देतो. कामे वेचून वेगळी काढणारे साधन नकळत पूर्वपक्ष चालवते. सरांनी तीनदा विचारले, हा अर्थवाद आहे. त्याच्यावाचून 'शोधून कळवायचे' हा विधी लुळा पडतो. म्हणून यंत्राने हवी तेव्हा यादी जरूर दाखवावी, पण काम राहावे परिच्छेदातच. यादीतून बोट ठेवताच त्या परिच्छेदात जाता यावे.

बहुतेक खुणा इथे अपुऱ्या पडतात. मार्कडाउनचा चौकोनी कंस कलमाच्या आरंभीच चालतो. वाक्याच्या मधे तो नुसता कंस असतो. ऑर्ग-मोडला मथळा लागतो. म्हणजे काम लिहायचे तर आधी वाक्य मोडायचे, नवी ओळ घ्यायची. हातावेगळे करायच्या गोष्टी आणि विचार करायच्या गोष्टी वेगळ्या ओळींवर राहतात, असे गृहीतक त्यात आहे. माणसाचे मन तसे लिहीत नाही.

दुसरे गृहीतक कर्त्याबद्दलचे. 'योग्य ती कार्यवाही करावी', 'संबंधितांना कळवले जाईल' ही आपल्या कार्यालयीन मराठीची ओळखीची वाक्ये. त्यांच्यात कर्तव्य आहे, कर्ता नाही. मीमांसकांनी प्रत्येक विधीबाबत अधिकाराचा प्रश्न वेगळा विचारला : हे करायचे कोणी? कार्यालयीन कर्मणी प्रयोग तो प्रश्न गिळून टाकतो. काही साधनांत कामापुढे माणसाचे नाव जोडता येते, आणि ही सोय चांगली वाटते. पण तिथे नवीच अडचण येते. मी माझ्या फाइलीत दुसऱ्याच्या नावापुढे कंस उघडला, तर त्याचे कर्तव्य निर्माण झाले का? त्याला ते माहीतही नाही. माझ्या कंसाने मी स्वतःला बांधू शकतो. दुसऱ्यासाठी मी फार तर विनंतीची नोंद करू शकतो. तेव्हा दुसऱ्याच्या नावाचे काम प्रत्यक्षात माझेच काम असते : त्याला विचारायचे. साधन प्रामाणिक असेल तर त्याने माझ्या यादीत ते तसेच दाखवावे.

आता शेवटाकडे, म्हणजे काम संपते कसे याकडे येऊ. चौकोनाला दोनच अवस्था आहेत, रिकामा आणि भरलेला. यामागे कर्तव्याचे एक चित्र आहे : कर्तव्य म्हणजे ऋण, फेडले की खाते बंद. गॅसच्या बिलाला हे चित्र चपखल बसते. पण समजा, ध्वनिमुद्रण शोधायच्या आधीच सर गेले. आता त्या रिकाम्या कंसाचे काय करायचे? त्यात फुली मारली तर ते खोटे. ओळ पुसून टाकली तर सर असे काही बोललेच नव्हते असे होते. तशीच ठेवली तर साधन तिला लाल रंगात दाखवत राहते : मुदत उलटून २१३ दिवस. हे तर सगळ्यांत विपरीत, कारण अजूनही करता येईल असे ते सुचवते.

मराठी क्रियापदाकडे या जागेसाठी रूप आहे : 'करायला हवे होते'. कर्तव्य होते, ते खरे होते, काळ गेला, आणि काळ गेला म्हणून ते मुळात नव्हते असे झाले नाही. बर्नर्ड विल्यम्स यांनी १९६५ च्या एका निबंधात हीच गोष्ट तर्काच्या अंगाने मांडली. दोन समजुती परस्परविरोधी निघाल्या तर एक खोटी ठरते आणि आपण ती सोडून देतो. दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड आली तर एक पार पाडल्याने दुसरे खोटे ठरत नाही. न पाळलेले कर्तव्य खेदाच्या रूपाने मागे उरते, आणि तो खेद अविचारी नसतो. जुन्या यज्ञव्यवस्थेनेही हे ओळखले होते. एखादे अंग राहिले किंवा चुकले तर त्यासाठी प्रायश्चित्ताचे वेगळे विधी आहेत. राहणे ही सुद्धा तिथे नोंद घेण्याजोगी अवस्था आहे.

साधनांनी याकडे अगदीच दुर्लक्ष केले असे नाही. ऑर्ग-मोडमध्ये वापरणाऱ्याला आपल्या अवस्था स्वतः ठरवता येतात, आणि एखाद्या अवस्थेत जाताना तारखेसह कारण लिहायला लावण्याची सोयही आहे. बुलेट जर्नलमध्ये महिना संपला की उरलेली कामे हाताने पुन्हा लिहायची असतात. पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर ते काम खोडायचे. हाताला पडणारे कष्ट इथे विवेकाचे काम करतात. तरी दोन्हीकडे 'रद्द' या एकाच शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी मिसळतात : मी ठरवून सोडलेले आणि माझ्या हातून निसटलेले.

यावर आक्षेप येईल, की माणसाने स्वतःच्या नोंदवहीत इतकी कारकुनी का करावी? खुणा वाढल्या की खुणांचीच कामे होतात. आक्षेप रास्त आहे. म्हणून खूण एकच असावी आणि शेवट मोजके असावेत. मला सुचणारी मांडणी अशी. वाक्यात जिथे काम आहे तिथे रिकामे गोल कंस : ( ). गोल अशासाठी, की भारतीय भाषांसाठी प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर चौकोनी कंसांच्या जागी 'ड' आणि नुक्ता आहे, आणि एक्सच्या जागी अनुस्वार. मराठीत लिहिता लिहिता झालेल्या कामाची खूण करायची तर कळफलकच बदलावा लागतो. गोल कंस मात्र आपल्या जागी आहेत, आणि रिकामे गोल कंस एरवी कोणी लिहीत नाही, त्यामुळे यंत्राचाही गोंधळ होत नाही. काम संपले की त्याच कंसात एक शब्द लिहायचा : (केले), (सोडले) किंवा (राहिले). फुलीपेक्षा क्रियापद बरे, कारण ते उच्चारावे लागते.

यातला तिसरा शब्द मला बराच काळ खटकत होता. 'केले' आणि 'सोडले' यांना कर्ता आहे. 'राहिले', 'राहून गेले' यांत काम स्वतःच कर्ता होते, जणू ते आपल्या पायांनी कुठेतरी मागे थांबले. मराठी माणूस हे वाक्य सहज बोलतो, 'अहो, ते राहूनच गेले', आणि त्या सहजतेत सुटका आहे. कार्यालयीन कर्मणी प्रयोगाला नावे ठेवणाऱ्याने हे चालवून घ्यावे का? पण 'सोडले' म्हणणे त्याहून चुकीचे, कारण सोडण्याचा निर्णय कोणी घेतलाच नव्हता. मीठ आणायचे सोडले असे आपण म्हणत नाही, मीठ राहिले असेच म्हणतो. दिवसांमागून दिवस गेले, दुसरी कामे पुढे येत गेली, निर्णय होण्याआधीच वेळ संपली. बहुतेक कर्तव्यांचा शेवट असाच होतो, आणि त्याला हेतूचा आरोप लावणे हाही एक खोटेपणाच आहे.

वाट भाषेतच आहे. आपण म्हणतो, 'माझ्याकडून राहिले'. राहण्याची क्रिया हेतूशिवायची आहे हे त्यात मान्य आहे, आणि ती कोणाकडून घडली हेही. 'मी मुद्दाम सोडले' असा कबुलीजबाब त्यात नाही, 'परिस्थितीच तशी होती' अशी पळवाटही नाही. जबाबदारी आणि दोष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नीतिशास्त्रात पाने खर्चून सांगावे लागते. मराठी ते एका शब्दयोगी अव्ययात सांगते.

तेव्हा सरांच्या त्या टिपणात वाक्य असे उभे राहील : शोधून कळवायचे (माझ्याकडून राहिले). यंत्राने ते बाकीच्या यादीतून काढावे. लाल रंग नको, दिवसांची मोजणी नको. टिपणातून मात्र काढू नये. कधीतरी ते पान पुन्हा वाचताना सरांची नजर, त्यांनी तीनदा विचारलेला प्रश्न आणि ही नोंद एकाच परिच्छेदात भेटावी. आणि त्याखाली जागा असावी. कारण राहिलेल्या कामातून पुष्कळदा दुसरे काम निघते, पहिल्याची भरपाई न करणारे, पण त्याच्याच कुळातले : त्या कादंबरीचे ध्वनिमुद्रण नसेल तर वाचून दाखवणारे कोणी शोधायचे, सरांसारखे आणखी कितीतरी ऐकणारे असतील ( ).